उतारावरची पिकअप : नव्या गाडीवर पहिला पैसा कुठं लावला

अक्षय्य तृतीयेला भाच्यानं नवी पिकअप दारात आणून उभी केली. ताईनं ओवाळलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, आणि तिसऱ्या दिवसापासून गाडी टोमॅटोच्या खेपेला लागली. नारायणगावच्या बाजारात दिवस कलायच्या आत क्रेट भरायचे, आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, शीळफाटा करत रात्री वाशीच्या मार्केटला लागायचं. जायचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. येताना रिकामे क्रेट.

सव्वा महिन्यानं तो माझ्या गॅरेजवर आला. वहीच्या पानावर चार ओळी लिहिलेल्या होत्या: ईसीयूचा रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली मांडणी बदलून ताकद वाढवणं) 18,000, रुंद टायर आणि अलॉय चाकं 52,000, कोन फिल्टर (हवेचा शंकूच्या आकाराचा फिल्टर) 6,500, वरची एलईडी पट्टी 4,000. बेरीज 80,500. हातात होते 65,000.

"मामा, सगळं एकदम होत नाही. यातलं आधी काय करू, तेवढं सांगा."

बावीस वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतोय, नव्या गाडीवाल्याकडून हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा गाडी न बघताच दिलं जातं, मीही पूर्वी दिलेलं आहे. या वेळी घरची गाडी होती आणि डोक्यावर हप्ता होता, म्हणून ठरवलं की आकडे घेतल्याशिवाय बोलायचं नाही. ते आकडे आणि त्यातून काय ठरलं ते सगळं इथं लिहितोय. गाडी कुठल्या कंपनीची हे मुद्दाम लिहीत नाही. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, बडा दोस्त या वर्गातल्या कुठल्याही गाडीवाल्याला यातलं बरंचसं लागू पडेल. भाच्याची गाडी अडीच लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो डिझेल, बीएस 6 (धुराच्या सरकारी मर्यादेची पायरी). कागदावर 80 अश्वशक्ती आणि 220 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. वहनक्षमता 1.7 टन.

गाडीभोवती एक फेरी मारली तेव्हाच लक्षात आलं, की वहीतल्या चार ओळींच्या आधीच तीन कामं उरकली होती. पुढं लोखंडी गार्ड बसला होता. हौद्यावर जाड अँगलचा उंच सांगाडा होता. आणि मागच्या कमानींना, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगना, दोन्ही बाजूंनी एकेक पाटा वाढवलेला होता. आपल्याकडं पिकअप घेतली की पहिल्या रविवारी कमानवाल्याकडं जायचं, अशी रीतच पडली आहे.

"गाडी बसते ना मागं," तो म्हणाला, "म्हणून पाटा टाकला."

मी म्हटलं, "आज भर, आणि जाताना भुईकाट्यावरून जाऊ. मीही येतो."

काट्यावर

भुईकाट्यावर आधी अख्खी गाडी घेतली, मग पुढं सरकवून फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली. हे दुसरं वजन सहसा कुणी घेत नाही, पण पिकअपच्या बाबतीत तेच जास्त महत्त्वाचं, कारण मालाचं ओझं मागच्या ॲक्सलवर (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसावर) येतं. एकूण वजन निघालं 4,140 किलो. आरसीवर एकूण मर्यादा आहे 3,490. म्हणजे 650 किलो जादा. मागच्या ॲक्सलवर 2,890.

भाच्याचा विश्वास बसेना. त्याचा हिशेब असा होता: क्रेटमध्ये 20 किलो टोमॅटो, 90 क्रेट म्हणजे 1,800, म्हणजे शंभरेक किलोच जास्त. क्रेटचं स्वतःचं वजन त्यात धरलेलं नव्हतं. भरलेला क्रेट काट्यावर ठेवला तर 22 किलो भरला, म्हणजे मालच 1,980. सांगाडा 148 किलो, गार्ड 34, वाढीव पाटे 18. ताडपत्री, दोर, जॅक, हत्यारं मिळून 30. तो आणि क्लीनर मिळून 138. हे सगळं 1.7 टनांतूनच वजा होतं. नुसता सांगाडा, गार्ड आणि पाटे मिळून दोनशे किलो लोखंड तो रोज वाशीला नेऊन परत आणत होता.

मागच्या एका टायरवर येत होते 1,445 किलो. टायरच्या कडेला मापाच्या पुढं एक आकडा छापलेला असतो, तो भाराचा आकडा. 109 असेल तर 1,030 किलो, 116 असेल तर 1,250, 118 असेल तर 1,320. मालवाहू टायरनाही 1,445 जास्त होतात. आणि वहीतले रुंद टायर होते 235/75 मापाचे, ज्यांवर 109 छापलेलं होतं. कागदोपत्री वजनात राहिलं तरी मागच्या चाकावर साडेअकराशे किलो येणार. तो टायर दिसायला दणकट आणि कामाला अपुरा. 52,000 ची ओळ तिथंच काट्यावर कटली.

टायरचा दुसरा हिशेबही त्याला करून दाखवला. 215/75 आर 15 चा टायर उभा साधारण 703 मिलिमीटर, 235/75 आर 15 चा 733. चार टक्क्यांहून जास्त वाढ. चाक मोठं झालं की तेवढ्याच प्रमाणात रस्त्यावर मिळणारी ओढ कमी होते, म्हणजे सगळे गिअर चार टक्क्यांनी हलके पडतात, आणि मीटरवर वेग खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. 18,000 देऊन इंजिनमधून ओढ वाढवायची आणि 52,000 देऊन त्यातली थोडी चाकात घालवायची, असे दोन उलटे खर्च एकाच यादीत होते.

टोकावड्याच्या टपरीवर

त्या दिवशी 90 क्रेट घेऊनच निघालो. अर्धे उतरवायला हवे होते हे खरं, पण माल लोकांचा होता आणि दुसरी गाडी मिळाली नाही. निदान घाट मी स्वतः चालवला. आणि या प्रकरणात जे काही कळलं ते मला त्या घाटात कळलं.

पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी मागं पडलं, घाटमाथा आला. भाचा शेजारी बसून सांगत होता, "इथून मी तिसऱ्या-चौथ्याला उतरतो. सरळ पट्टा आला की न्यूट्रल. डिझेल वाचतं." मी दुसऱ्याला घातली. "ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतर" हे आमच्या उस्तादांनी शिकवलेलं. तरीही वळणावर ब्रेक द्यावाच लागत होता, आणि पायाला काहीतरी खटकत होतं. पेडल दाबलं की गाडीचं नाक खाली झुके, पुढून जोर येई, पण मागून गाडी धरल्यासारखी वाटत नव्हती.

घाट उतरल्यावर टोकावड्याला टपरीवर थांबलो. खाली उतरताच तो वास आला, जळक्या ब्रेक पॅडचा. पुढच्या चाकाच्या फटीतून ब्रेकच्या डिस्कवर निळसर कडी दिसत होती. क्लीनरच्या बाटलीचं बूच उलटं करून एक थेंब डिस्कच्या कडेला सोडला, तो चर्र होऊन क्षणात उडाला. (थेंबच. तापल्या डिस्कवर पाण्याची बाटली कधी ओतू नये, डिस्क वाकते.) मग मागं गेलो आणि मागच्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला, हळूहळू जवळ, शेवटी टेकवला. हात ठेवून उभा राहिलो. कोमट. पुढच्या-मागच्या तापमानात फरक असतोच, ब्रेकचं मोठं काम पुढचीच चाकं करतात. पण पावणेतीन टनांहून जास्त ओझं मागच्या ॲक्सलवर असताना आख्खा माळशेज उतरून ड्रम कोमट राहणं बरोबर नव्हतं.

आडवा झालो आणि टॉर्च मारली. ॲक्सलपासून चॅसिसकडं एक बारीक दांडी जाते, तिच्या टोकाला ब्रेकच्या नळ्या येऊन मिळतात. हा भार ओळखणारा व्हॉल्व्ह. रिकाम्या गाडीत मागचं चाक लवकर लॉक होऊन गाडी आडवी जाऊ नये, म्हणून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की हौदा खाली बसतो, ॲक्सल आणि चॅसिसमधलं अंतर घटतं, दांडी वळते आणि व्हॉल्व्ह मागं जास्त दाब सोडतो. म्हणजे गाडी किती बसली, यावरून तो माल किती हे ओळखतो.

आणि भाच्यानं पाटा टाकून गाडीचं बसणंच बंद केलं होतं.

दांडी जवळजवळ रिकाम्या गाडीच्या जागेवर होती. चार टनांची गाडी घाट उतरत होती आणि व्हॉल्व्हच्या लेखी हौद्यात फारसं काही नव्हतं. मागचा दाब तो तोडत होता, सगळा भार पुढच्या डिस्कवर पडत होता. पाटा टाकल्यानं चॅसिस, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक यांतली एकही गोष्ट बळकट होत नाही. फक्त गाडी वाकून जे सांगत असते ते आपल्याला दिसेनासं होतं. हे मला माहीत होतं, अनेकांना सांगितलंही होतं, पण कोमट ड्रमवर हात ठेवून इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं. भाच्याचाही हात धरून तिथं ठेवला. तो काही बोलला नाही.

चहा घेता घेता पावतीच्या मागं हिशेब मांडला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतार किमान 500 मीटरचा धरू. 4,140 किलो वजन 500 मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे 2 कोटी ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवायची. तेवढ्या उष्णतेत घागरीतलं साधं पाणी उकळायला घेतलं, तर साधारण 65 लिटर उकळीला येईल. यातला काही वाटा टायर, हवा आणि गिअरमध्ये असेल तर इंजिन खातं. उरलेलं सगळं चार ब्रेकांच्या वाट्याला, आणि या गाडीत प्रत्यक्षात दोनच्या. गाडी न्यूट्रल केली की इंजिनचा वाटाही ब्रेकवर येऊन पडतो. बरं, न्यूट्रलनं डिझेल वाचतं हेही खरं नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर इंजेक्टर बंद होतात, डिझेल जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जात राहतं.

भाच्याला मी एकच प्रश्न विचारला. "माल भरून तू चढतोस कुठं?"

त्यानं विचार केला. नारायणगाव सह्याद्रीच्या वर, वाशी समुद्राकाठी. भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. चढाला ताकद कमी पडते म्हणून तो रिमॅपसाठी पैसे जमवत होता, आणि त्या चढावर त्याच्या हौद्यात रिकामे क्रेट असत. रत्नागिरीहून हापूस घेऊन आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणाऱ्यानं हाच प्रश्न विचारला असता, तर माझं उत्तर वेगळ्या जागेवरून सुरू झालं असतं. मग ताकद कमी पडते असं याला वाटत कुठं होतं? आळेफाट्याच्या अलीकडं पुलांच्या चढावर, 650 किलो जादा घेऊन.

रिमॅपचं काय

या ओळीवर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं, कारण त्याचं मन तिच्यातच होतं. पुण्यातल्या एका ट्यूनिंगवाल्यानं त्याला मोबाइलवर आलेख दाखवला होता. रिमॅपनं ताकद वाढत नाही असं मी म्हणणार नाही. टर्बो डिझेलला डिझेलचं प्रमाण आणि टर्बो ढकलतो त्या हवेचा दाब (बूस्ट) वाढवला तर ओढ नक्की वाढते, पहिल्याच दिवशी पायाला कळते. पण ती ओढ क्लचमधून, गिअरबॉक्समधून आणि मागच्या ॲक्सलमधून जाते, आणि ते भाग 220 न्यूटन मीटरचा हिशेब धरून बसवलेले असतात. कार रिमॅप करणारा माणूस वाढीव ताकद दिवसातून चार वेळा ओव्हरटेकला वापरतो. माल भरलेली पिकअप ती तासन्‌तास वापरते.

दुसरं, धुराचं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं, 2023 पासून त्याचा दुसरा टप्पा, ज्यात प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूर मोजला जातो. या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आहे. डिझेल जास्त सोडलं की काजळी जास्त, डीपीएफ लवकर भरतो, जाळून साफ करायचं चक्र वारंवार लागतं. मग पुढचा सल्ला येतो, "डीपीएफ काढूनच टाकू." ट्यूनिंगवाल्यानं तोही दिलेला होता. माझ्या गॅरेजात ते काम होत नाही. ज्याच्या दारात गाडी उभी राहते त्याच्या घरातली पोरं तीच हवा घेतात.

तिसरं, कागदाचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध केलेला बदल चालणार नाही, असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182अ मध्ये नियमबाह्य फेरफाराला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं. शिवाय वॉरंटी. ईसीयू पुन्हा लिहिल्याची खूण आत राहते आणि सर्व्हिस सेंटरच्या मशिनला ती सापडू शकते. उद्या टर्बो गेला तर पूर्ण खर्च अंगावर.

हे सगळं ऐकूनही तो म्हणाला, "पण मामा, गरज पडली तर?"

म्हणून गरजेचाच हिशेब केला. घाटाचा चढ 6 टक्के धरला, म्हणजे 100 मीटरला 6 मीटर. वळणांमुळं ताशी 35 च्या वर तिथं तसंही जाता येत नाही. आरसीवरचं पूर्ण 3,490 किलो वजन त्या चढावरून ताशी 35 नं न्यायला, गिअर आणि ॲक्सलमधली घट धरून, इंजिनला साधारण 37 अश्वशक्ती द्यावी लागते. इंजिनात 80 आहेत. गिअर बरोबर असेल तर निम्मी ताकदही लागत नाही. गाडी "दम टाकते" ती बहुतेक वेळा तिसऱ्यात 1,200 आरपीएमवर रेटली म्हणून. एक गिअर खाली घ्या, 1,800 वर ठेवा, तीच गाडी चढते.

बाकीच्या दोन ओळी लवकर निकालात निघाल्या. कोन फिल्टर म्हणजे जास्त हवा, पण आपल्या शिवारातल्या फुफाट्यात जास्त हवेबरोबर जास्त धूळही, आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्याला धुळीसारखा वैरी नाही. कंपनीचाच कागदी फिल्टर सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदलायचा, एवढंच. एलईडी पट्टी माळशेजच्या धुक्यात उलटी डोळ्यांवर येते. समोर पांढरी भिंत उभी राहते. त्यापेक्षा डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करायची जी चकती असते, ती त्यानं एकदाही फिरवलेली नव्हती. वाढीव पाटे निघाल्यावर माल भरला की मागची बाजू बसते आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. चकती फिरवली, उजेड रस्त्यावर आला. खर्च शून्य.

मग काय केलं

पहिला पैसा वजन उतरवण्यावर गेला. गार्ड काढला. तसंही 2017 च्या अखेरीस केंद्रानं असल्या गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलेलं आहे, आणि धडकेत तो गार्ड आघात सरळ चॅसिसला आणि समोरच्या माणसाला पोचवतो. वाढीव पाटे काढले. अँगलचा सांगाडा मोडीत देऊन पाइप आणि जाळीचा नवा बनवून घेतला, 82 किलोचा. गावातल्याच फॅब्रिकेटरनं मोडीचे पैसे वळते करून 14,000 घेतले. एकूण उतरलं 118 किलो.

आता क्रेटचा हिशेब बघा. जुन्या लोखंडासकट मर्यादेत राहायचं तर 60 क्रेट बसत होते. आता 65 बसतात. कायद्यात राहून प्रत्येक खेपेला पाच क्रेट जास्त, आणि इंजिनला हातही न लावता. चढावर, ब्रेकला, वेग घ्यायला, ॲव्हरेजला, या एका गोष्टीचा सगळीकडं फायदा. नव्या पिकअपची कामगिरी वाढवायची असेल तर माझ्या मते पहिली जागा हीच, आणि यादीत ती कुणी लिहीत नाही, कारण ती विकायला दुकान नाही.

दुसरा पैसा ब्रेकवर. पुढचे पॅड सव्वा महिन्यात काचेसारखे गुळगुळीत झाले होते. डिस्क मापात होत्या, त्या ठेवल्या, पॅड बदलले, 3,800. व्हॉल्व्हची दांडी पुस्तिकेतल्या मापानं लावली, मागचे ब्रेक घट्ट केले, 900. पाटे काढायचे कमानवाल्यानं 1,200 घेतले. ब्रेक ऑइलही बदललं, 1,100. नव्या गाडीचं का, असं त्यानं विचारलं. कारण ते एकदा भरपूर तापलेलं होतं आणि पुढं पावसाळा होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट म्हणजे त्या ऑइलची प्रत. डॉट 3 ची किमान पातळी कोरं असताना 205 अंश उकळबिंदूची, पाणी मुरल्यावर 140. डॉट 4 ची 230 आणि 155. नळीत बुडबुडा झाला की पेडल स्पंजासारखं खाली जातं, आणि ते कळायची जागा घाटात असते. टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिला असेल तोच भरायचा.

चांगला हवेचा गेज घेतला, 1,400. मागच्या टायरला हवा 12 पीएसआय कमी निघाली होती. टायरवाला चारही चाकांना एकच आकडा भरत होता. आणि मागं-बाजूंना उजेड परतवणाऱ्या पट्ट्या लावल्या, 1,600, कारण धुक्यात घाटातल्या वळणावर बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्याला दिसली पाहिजे.

एकूण 24,000. उरलेल्या 41,000 मध्ये त्यानं काही घेऊ नये, ते मागच्या टायरांसाठी राखून ठेवावेत, असं मी सांगितलं. ताईनं ते स्वतःच्या खात्यावर ठेवून घेतले.

पैशाचं अवघड कोडं

90 क्रेटवरून 65 वर येणं सोपं नव्हतं. त्या हंगामात क्रेटमागं 30 रुपये भाडं मिळत होतं. 25 क्रेट कमी म्हणजे खेपेला 750 रुपये कमी. हप्ता भरणाऱ्या माणसाला हा आकडा लागतो, आणि तो लागतो हे मान्य न करता "ओव्हरलोड करू नका" म्हणणं मला पटत नाही. दोन आठवडे तो माझ्याशी तुटक बोलत होता. शेजारचे 95 भरतात, मी 65, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या बाजूला जादा भाराचा दंड आता 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय माल तिथंच उतरवून घ्यायचा. एकदा सापडलं तर सव्वीस-सत्तावीस खेपांची ती जास्तीची कमाई गेली. ॲव्हरेज लिटरला 10.2 वरून 11.6 वर आलं. 300 किलोमीटरच्या फेरीला साडेतीन लिटर डिझेल वाचलं, 90 रुपये भाव धरला तर 315 रुपये. म्हणजे 750 चा खड्डा 435 वर आला. पॅड आणि टायरची झीज धरली तर तो आणखी भरतो, पण पूर्ण भरतो असं मी छातीठोक सांगू शकत नाही. राहिलेला फरक भाच्यानं दुसऱ्या वाटेनं काढला. दोन बागायतदारांना त्यानं सांगितलं, की माल कमी रचतो, वरच्या थरानं खालचा चेपत नाही, आणि गाडी वेळेवर लागते. त्यांनी क्रेटला 34 रुपये मान्य केले. वाशीच्या गाळ्यावर चेपलेल्या टोमॅटोचा भाव पडतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा एकदा त्याच्याबरोबर उतरलो. 65 क्रेट, काट्यावर 3,470, मागचा ॲक्सल 2,330. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मधूनमधून ब्रेकचा ठाम दाब आणि मग पूर्ण मोकळा पाय. टोकावड्याला वास नव्हता. डिस्क गरम होत्या, पण थेंब पडून क्षणभर टिकला. मागच्या ड्रमवर या वेळी हात ठेवता आला नाही. भाचा हात झटकत मागं सरला आणि हसला.

कार्तिकात गणित बदललं. भिवंडीहून ओतूरला पशुखाद्याचं परतीचं भाडं मिळालं, 50 किलोची 26 पोती. आता गाडी भरून चढते. रिमॅपचा विषय पुन्हा निघाला, आणि या वेळी तो गैरलागू नव्हता. पहिल्या चार खेपांना त्यानं वहीत वेळ लिहिली, घाटाखालच्या मोरोशीपासून घाटातल्या बोगद्यापर्यंत. रिकाम्या गाडीपेक्षा सरासरी पाच मिनिटं जास्त लागतात. तापमानाचा काटा निम्म्याच्या वर गेलेला नाही. वॉरंटी संपायला अजून दोन वर्षांहून जास्त अवकाश आहे. गेल्या सोमवारी तो पाचव्या खेपेची नोंद घेऊन आला होता, सोबत काट्याची पावती. मागच्या ॲक्सलचा आकडा त्यानं लाल पेनानं वेगळा लिहिलेला होता.